ताप नसलेली माणसं

९ जून २०२०

थर्मल गन अठराशेला पडली असं बिल म्हणतं. बिलाला काय कळतंय! रिक्षा बंद म्हणून हाटकेशहून भाईंदर पश्चिमेपर्यंत पायपीट, मेडिकलबाहेरच्या रांगेत अख्खी सकाळ, आणि परतताना नाक्यावर पोलिसाचा एक दांडका पोटरीवर. अजून ठणकतेय. हे सगळं धरलं तर गन महागात गेली. पण आज ती हातात घेऊन स्वतःच्या गाळ्याच्या शटरपुढे उभा राहिलो आणि वाटलं, स्वस्तात मिळाली.

गाळा मार्चमध्ये घेतला. नारळ फोडला आणि आठवड्यात देश बंद. आज पहिल्यांदा मोटरी फिरल्या. दुसऱ्यांच्या गाळ्यांत स्टीलचे डबे पॉलिश करण्यात जवानी गेली, त्यामुळे मशीन उघडून बघावं लागत नाही. लांबून कान दिला तरी कळतं. चौथ्या चाकाचं बेअरिंग कुरकुरतंय. मास्कमुळे चष्म्यावर सारखी वाफ धरते, बघायचं काम सध्या कानांनाच करावं लागतंय.

भय्या लोक गावी गेले. उरले चौघं. परशुरामकाका फोरमन, मिठागरं गेल्यावर या धंद्यात आले. त्यांचा भाचा भूपेश. शिवा. आणि चौक कोळीवाड्याचा मॅक्सवेल, नवीनच आहे. सगळ्यांनी गाळ्यातच राहायचं, मीसुद्धा. आमच्या बेव्हर्ली पार्क सोसायटीच्या सेक्रेटरीने बजावलं, एक तर कारखाना नाहीतर घर. हंसा म्हणाली, कारखानाच बरा, निदान तुमचं घोरणं तरी ऐकावं लागणार नाही. पाचही जणांचे डबे ती वॉचमनकडे पाठवणार आहे.

दोन मशिनींमध्ये प्लास्टिकचा पडदा, जमिनीवर खडूचे गोल, प्रत्येकाचा गोल ठरलेला. सकाळी आपापल्या गोलात उभं राहायचं, मी गन लावणार, मगच चाक सुरू.

मॅक्सवेलला सोडायला त्याची आई लुईझा मासळीच्या टेम्पोतून आली. सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या हातात दिली. बोटी किनाऱ्याला लागल्यात म्हणून पाठवते, नाहीतर पाठवला नसता, एकच हाय, म्हणाली. मी छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या गनखालून गेल्याशिवाय या गाळ्यात एक माणूस पाऊल टाकणार नाही. जसा आणलात तसा परत न्याल, बाई. तिने क्रॉसची खूण केली. माझ्यासाठी की मुलासाठी, कळलं नाही.

११ जून

सकाळी एक माणूस काम मागत आला. साहिल नाव सांगितलं. बफिंग, म्हणजे चाकावरचं पॉलिश, येतं का विचारलं तर नुसती मान हलवली. हात कमी आहेत, ऑर्डर तुंबलीय. म्हटलं, ये, पण आधी कपाळ.

गनवर आकडा येईना. ‘लो’ अशी दोन इंग्रजी अक्षरं. मॅक्सवेल हसला, शेठ, मशीनला चार्जिंग न्हाय. सेल बदलले. बाकीच्यांचं सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. या गड्याचं पुन्हा लो. शेवटी आई करायची तसं केलं, हाताची पालथी बाजू त्याच्या कपाळाला लावली. थंड. पहाटे पत्र्याला हात लागावा तसं. परशुरामकाकांनी कौल दिला, ताप असला तर अडवायचं ना? ताप नाही म्हणजे चांगलंच की. मलाही पटलं. सगळं शहर ताप शोधतंय, थंड माणसाला कोण हाकलेल?

त्याला चौथं चाक दिलं. दिवसभर पाणी मागितलं नाही, बसला नाही, खोकला नाही. पॉलिशच्या धुळीत खोकत नाही असा माणूस मी आजवर पाहिला नाही. एकदा मुद्दाम पाठीमागे उभा राहिलो. मास्कमधून श्वास आत-बाहेर होताना कापडाचा बारीक आवाज होतो. त्याच्या मास्कला आवाज नव्हता. मोटरीच्या गोंगाटात माझंच चुकलं असेल.

संध्याकाळी मजुरी न घेताच गेला. माझा हात साबणाने दोनदा धुतला, तरी मनगटापर्यंत गारठलाय.

१३ जून

साहिल काही फिरकला नाही. एका अर्थी सुटलो.

हंसाने घरी शिवलेला मास्क पाठवलाय. काय हात आहे बाईचा! चष्म्यावर वाफ धरणंच बंद झालं. फोन करून सांगितलं तर म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा कशाचं कौतुक केलंत.

काकांची पाठ धरलीय. गनवर शहाण्णव. काहीतरी गारठा शिरलाय म्हणून मीच त्यांच्या पाठीला बाम चोळला.

१६ जून

काका लो.

पण आजारी म्हणावं तर दोघांचं काम एकटे उरकताहेत. जुना खोकला पार गेला. मी चेष्टा केली, काका, कोरोनाला घाबरून खोकला पळाला वाटतं. एरवी दोन शिव्या हासडल्या असत्या. आज वळून पाहिलंही नाही. त्यांचा डबा भरलेलाच परत गेला.

भूपेश पंच्याण्णव. मामाच्या शेजारच्या चाकावर असतो म्हणून असेल. त्याची जागा बदलली, स्वतः हाताला धरून दुसऱ्या टोकाला नेऊन उभा केला.

१९ जून

हेल्पलाइनला फोन लावला. मुलगी गोड बोलत होती. ताप? नाही. खोकला? नाही. धाप? मुळीच नाही. मग सर, तुमच्या पेशंटला झालंय काय, म्हणाली. माणसं थंड पडताहेत असं कसं सांगणार? ओळखीच्या डॉक्टरांनी तर चिडून फोन ठेवला. इथे तापाचे पेशंट ठेवायला जागा नाही आणि तुम्ही बिनतापाचे कुठून काढता?

दुपारी डब्याच्या काठाने भूपेशचा तळवा फाटला. इतका की आतलं पांढरं दिसलं. रक्त आलं नाही. थेंबभरही नाही. त्याने पाहिलं आणि पुन्हा डबा चाकाला लावला. मी ओढून बाजूला घेतला, पट्टी बांधली. हात बर्फाच्या लादीसारखा.

नाही, माझ्यापेक्षा गार वाटला नाही. भीतीने माझेच हात गार पडले असणार.

२१ जून, रविवार

सुट्टी. मेन स्विच बंद केला. तिघं आपापल्या गोलात उभे आहेत. शिवासुद्धा, कालच त्याला पाठीवर थोपटून धीर दिला होता. जेवा म्हटलं, झोपा म्हटलं, घरी जा म्हटलं. हलत नाहीत. मोटरी बंद, गाळा शांत, आता कानांना सबब नव्हती. तीन मास्क. एकाही कापडाची हालचाल नाही.

श्वास एकच ऐकू आला, पोटमाळ्यावरून. मॅक्सवेल जपमाळ घेऊन बसला होता.

साहिलने जाताना काहीतरी मागे ठेवलंय. एकाकडून दुसऱ्याकडे जातंय. तिघांच्या बाबतीत चुकलं ते चुकलं, हा पोरगा मी जाऊ देणार नाही. त्याला माझ्या केबिनमध्ये आणलं, बाहेरच्या बाजूला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात. तो म्हणाला, मना घरा सोडा शेठ. म्हटलं, सोडतो रे, पण आधी तुझ्यात काही नाही याची खात्री होऊ दे. आईच्या घरात ही गोष्ट घेऊन जायचंय का तुला? रडला. डोक्यावरून हात फिरवत बसलो. आकडा अठ्ठ्याण्णव. देवा, अठ्ठ्याण्णव.

२२ जून

सत्त्याण्णव. गन जरा इकडे-तिकडे दाखवते. असू दे.

त्याचं खाणं, पाणी, गन, सगळं मीच बघतोय. दुसऱ्या कुणाची सावली पडू देत नाही.

हंसा फोनवर चिडली. पाचातले चार डबे तसेच परत येतात, तुमचासुद्धा. या काळजीत घास उतरतोय कुणाला?

२३ जून

पंच्याण्णव.

दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. खिडकीला प्लास्टिक. बाहेरचे तिघं गोलातून हललेले नाहीत, नुसते हात फिरताहेत, हवेतला डबा हवेतल्या चाकावर —

मग आत येतंय कुठून?

२४ जून

त्र्याण्णव. दोन गोधड्या घातल्या. पाय चोळले, तळहात चोळले, जितकं चोळतो तितका —

लुईझाचा फोन. बरा हाय का माझा? म्हटलं, बरा आहे. ताप? म्हटलं, नाही बाई, ताप अजिबात नाही. ती देवाचे आभार मानत होती. मी फोन ठेवला.

२५

एक्क्याण्णव.

दार बंद. किल्ली माझ्या गळ्यात. फट बंद. चार दिवसांत या खोलीत माझ्याशिवाय कुणी —

मी जवळ गेलो की तो भिंतीला चिकटतो. मघाशी हातातून गन हिसकावली. कोपऱ्यातून माझ्यावर रोखून बसलाय. शेठ, फुडं नका येऊ. दात वाजताहेत त्याचे. म्हटलं, एवढं लिहून होऊ दे, मग हवं ते कर.

तो विचारतोय, तुमचा कती हाय?

ठाऊक नाही. शटरवर रोज मीच उभा होतो, सगळ्यांना गन मीच लावत होतो. माझं कपाळ आजवर कुणी तपासलेलंच नाही —