एक सिलेंडर की दोन

सातारा,
९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. प्रशांतमामांस,
क्रांतीचा सविनय जय भीम. वि. वि.

मामा, पाकीट बघून दचकू नका. आई आणि मी दोघी ठणठणीत आहोत. तुम्ही फोन बंद करून कपाटात ठेवलाय असं मामीकडून कळलं. ग्रुपवर रोज सकाळी हात जोडलेली चित्रं आणि लवकर बरे व्हा, याला कंटाळलो असं तुम्ही पाटीवर लिहून दिलंत म्हणे. म्हणून पोस्टाने गाठतेय. पत्राचं एक बरं असतं, वाचलं की नाही ते समोरच्याला लगेच दिसत नाही.

तब्येतीचं मी विचारणार नाही. मिरजेच्या ऑपरेशनमध्ये कॅन्सर गेला आणि त्याच्याबरोबर तुमचं स्वरयंत्र गेलं, हे ठाऊक आहे. डॉक्टरांनी गळ्यात बोलायची झडप बसवून दिलीय आणि तुम्ही तिच्यातून एक शब्द काढत नाही, हेही ठाऊक आहे. त्याबद्दल मामी काय ते बोलत असेलच. माझं काम वेगळं आहे.

सारंग ही मोटरसायकलची कंपनी नवी स्पोर्ट्स गाडी आणतेय. नाव नाही, तारीख नाही, कंपनी तोंड उघडत नाही. पण इथल्या गाडीवेड्या पोरांनी नुसता गोंधळ घातलाय. कुणी खंबाटकी घाटात चोरून फोटो काढला, तर त्यात गाडी काळ्या-पांढऱ्या चट्ट्यापट्ट्यांच्या स्टिकरखाली झाकलेली. एक गट म्हणतो दोन सिलेंडर, दुसरा म्हणतो एकच. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये यावरून काल दोघं जण ताटं सोडून उठले. मी एका सिलेंडरच्या बाजूची आहे, कारण इंजिनाची जागा फार अरुंद दिसते. फोटो सोबत जोडलाय. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
क्रांती

•

तासगाव,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. क्रांती हीस,
मामाचा जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला आता गाडीतलं काही विचारू नकोस. सांगलीच्या मैदानावर शर्यतीच्या वीस गाड्या एकदम सुटायच्या आणि मी माइकवर त्यांच्या वरच्या पट्टीत बोलायचो, ते दिवस गेले. दुकान तुझी मामी बघते. ट्रॅक्टरचे पार्ट तिला माझ्यापेक्षा चांगले विकता येतात, गिऱ्हाईक उधार मागायला धजत नाही. मी गल्ल्याच्या मागं बसतो आणि मान हलवतो.

फोटो बघितला. तोही मामीनं पुढ्यात ठेवला म्हणून. हँडल स्पोर्ट्स गाडीला असतंय तेवढं खाली न्हाई. सायलेन्सर बुटका हाय, तो पोटाखाली दडवलाय, म्हणजे वजन मध्यावर आणलंय, म्हणजे ही गाडी वळणात घालायला केली हाय, नुसती सरळ पळवायला न्हाई. मागच्या चाकाची साखळी उजव्या बाजूला आलीय. या कंपनीच्या आजवरच्या सगळ्या गाड्यांना ती डावीकडं. एवढी उलथापालथ एका सिलेंडरसाठी कोण करंल? पण फोटोवरून कुणी काही ठरवू नये. फोटो खोटं बोलतो. गाडी वळखायची असंल तर तिचा आवाज ऐकावा लागतो, आणि तो तू ऐकलेला न्हाईस.

उत्तर पाठवायची घाई न्हाई. पण पाठवलंस तर मागच्या टायरची रुंदी कळव.

आहेस तशी राहा.

तुझा मामा
प्रशांत

•

सातारा,
२५ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

मामा, बसा. बसलात का? मी ती गाडी बघितली. डोळ्यांनी आणि कानांनी.

रविवारी आईला कराडला मावशीकडे सोडून माझ्या गाडीवरून परत येत होते. उंब्रजजवळ हायवेच्या कडेला चहाला थांबले, तर समोर तीच, चट्ट्यापट्ट्यांत गुंडाळलेली, आणि शेजारी कंपनीचा चालवणारा भजी खातोय. मी धीर करून त्याच्या टेबलाशी गेले. विचारलं, किती सिलेंडर? तो म्हणाला, ताई, मी फक्त सीट बसायला कशी आहे ते तपासतोय. पुन्हा विचारलं तर त्याने मला भजी देऊ केली. खाल्ली. पण त्याने उत्तर काही दिलं नाही. टायरची रुंदी मात्र वितीने मोजून घेतली. माझ्या वितीपेक्षा दोन बोटं कमी.

आता आवाज. लिहायला फार अवघड जातंय, हसू नका. सुरू झाली तेव्हा एकदाच जाड ढब्ब. मग थांबून थांबून ढग-ढगर्र, ढग-ढगर्र, जात्यात हरभरा भरडल्यासारखा, मध्येच एक ठोका गिळल्यासारखा. तो हायवेला लागला आणि त्याने मूठ पिळली तेव्हा मात्र सगळे ठोके एकात मिसळले आणि कापड टराटरा फाडत न्यावं तसा आवाज झाला. चहावाल्या मावशी कानावर हात ठेवून म्हणाल्या, ह्येला कुणीतरी तेल द्या रं.

माझं एक सिलेंडरचं मत आता डळमळलंय. तुम्ही सांगा.

मामीला जय भीम. तुमचा हात डोक्यावर असाच असू दे.

क्रांती

•

तासगाव,
२ डिसेंबर २०२५

चि. क्रांती,
अनेक आशीर्वाद.

दोन! दोन सिलेंडर! पैज लाव कुणाशी लावायची ती. ठोका गिळल्यासारखा वाटला असं तू लिहिलंस तिथंच मी पत्र खाली ठेवलं आणि मामीला हाताची दोन बोटं दाखवली. तिला वाटलं दोन चपात्या पायजेत, तिनं वाढल्या. दोन सिलेंडर एकापाठोपाठ फुटतात, मग मोकळी जागा, मग पुन्हा दोन. तेच तुझं ढग-ढगर्र. पोरी, तुझा कान माझ्यावर गेलाय. तुझ्या पत्रानं मला ती गाडी इथं, घराच्या पायरीवर, ऐकू आली.

आता तू विचारलं न्हाईस, तरी सांगतो. झडप बसवली त्या आठवड्यात दवाखान्यात मी गळ्याच्या भोकावर बोट दाबून पहिला शब्द बोललो, तो तुझ्या मामीचं नाव. घोगरा, ओला, खालून आल्यासारखा आवाज आला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बाई दचकून पडद्यामागं गेली. मामी हसली, पण तिचा चेहरा मी बघितला हाय. तवापासून बोट दाबलं न्हाई. तीस वर्षं जयंतीच्या मिरवणुकीत आणि शर्यतीत लोकांनी माझा आवाज ऐकला. त्या लोकांनी हा ऐकू नये, एवढंच वाटतं. याच्यावर उत्तर लिहू नकोस. रंगाचं लिही. मला वाटतं लाल नसणार.

तुझा मामा

•

तासगाव,
१९ डिसेंबर २०२५

चि. क्रांतीस,
मामीचा जय भीम.

बाय, हे पत्र मी दुकानातनं लिहितीया, ह्यांना ठाऊक न्हाई. तुला दोन गोष्टी सांगायच्या हायत.

पयली ही की आमच्या मागं हरिबाभावजींचं बेदाण्याचं शेड हाय, हंगाम लांब हाय म्हणून रिकामं पडलंय. रोज दुपारी हे तिकडं जात्यात. मला वाटलं उनाला बसत असतील. काल जेवायला बोलवायला गेले तर आतनं आवाज आला. मी जाळीच्या आडच थांबले. हे गळ्यावर बोट धरून बोलत हुते. पयल्यांदा म्हणले ढग, ढगर्र. तुझ्या पत्रातलं गं. मग एक, दोन, तीन. मग थांबले, खोकले, पुन्हा एक, दोन, तीन. मी तशीच माघारी आले आणि भाकरी पुन्हा तव्यावर टाकली.

दुसरी गोष्ट दवाखान्यातली. माझा चेहरा बघितला असं ह्यांनी तुला लिहिलं, ते मी वाचलं. पाकीट मीच चिकटवलं हुतं. तवा मी घाबरले न्हवते. ऑपरेशनच्या खोलीत नेताना मला वाटलं हुतं आता माझं नाव हे कवाच घेणार न्हाईत, आणि ते घेतलं, म्हणून तोंड तसं झालं. हे मला ह्यांच्यापुढं बोलता येत न्हाई. तू शिकलेली हायस, तुला नीट सांगता येईल तर सांग.

गाडीची पत्रं थांबवू नकोस. टपालवाल्याची वाट बघत हे दाढी करून बसत्यात. तुझे उपकार लय हायत.

तुझी मामी
दीपमाला

•

सातारा,
११ जानेवारी २०२६

ती. स्व. मामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

बातमी मोठी आहे. सारंगने तारीख जाहीर केली. पंचवीस जानेवारीला, रविवारी, साताऱ्याच्या शोरूममध्ये गाडीवरचं कापड निघणार. पहिल्या दिवशी चालवून बघायला नावं घेत होते, मी माझं दिलं. तुम्ही यायचं. दोन सिलेंडरवर आख्ख्या कँटीनशी पैज मी तुमच्या जिवावर लावलीय. हरलो तर भजी आपण द्यायची.

एक गोष्ट लिहू नको म्हणाला होतात, ती लिहितेच. दवाखान्यात मामीच्या चेहऱ्यावर जे दिसलं ती भीती नव्हती. आता आपलं नाव तुमच्या तोंडून कधी ऐकू येणार नाही, असं ती धरून बसली होती, आणि ते ऐकू आलं. मला कसं कळलं ते विचारू नका. तिलाही विचारू नका. फक्त तिला हाक मारा.

आणि एक माझ्याकडून. दहावीनंतर मी मेकॅनिकलला जाते म्हटल्यावर घरादारात कुजबुज चालू होती. तुम्ही मला सांगलीच्या शर्यतीला नेलंत, निवेदकाच्या मचाणावर शेजारी बसवलंत आणि फेऱ्यांच्या मध्येच माइकवर सांगितलंत की ही माझी भाची आहे आणि पुढं ही इंजिनं बनवणार. हजारो लोकांनी ऐकल्यावर घरातल्या कुणाला नाही म्हणता आलं नाही. आज माझ्या हाताखालून रोज गिअर जातात. त्याचे आभार मी कधी मानले नव्हते. आज मानते.

पंचवीसला वाट बघते.

तुमचीच
क्रांती

•

सातारा,
२७ जानेवारी २०२६

सौ. दीपमालामामीस,
सविनय जय भीम. वि. वि.

मामा घरी पोचल्यापासून काय सांगतात ते मला ठाऊक नाही, म्हणून माझ्या बाजूचं लिहिते.

मामा गळ्याला पांढरा रुमाल बांधून वेळेआधीच आले. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कापड निघालं. गाडी गडद हिरवी, मामांनी लाल नाही म्हटलं होतं ते खरं झालं. मग शोरूमच्या माणसाने माहिती वाचून दाखवली. मामी, एक सिलेंडर! मी आधी म्हणत होते तेच, आणि मामांनी पत्रातून इतकं पटवलं की मी बाजू बदलून हरले. ठोका गिळल्यासारखा आवाज त्या बुटक्या सायलेन्सरचा होता. मी मामांकडे बघितलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतात की काय. हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

माझी पाळी आली. किल्ली हातात घेतली तोच मामा पुढे झाले, रुमालाखाली बोट दाबलं आणि त्या शोरूमच्या माणसाला विचारलं की मागे एक माणूस बसवता येतो का. मी पहिल्यांदाच ऐकलं तो आवाज. जाडा आहे. बैलगाडी लाकडी पुलावरून जावी तसा. तो माणूस म्हणाला, हो काका, हेल्मेट घाला. एवढंच म्हणाला.

मागची सीट इतकी उंच की मामा फांदीवर बसल्यासारखे दिसत होते. यवतेश्वरच्या घाटाला लागलो. पहिलं वळण मी फार जपून घेतलं, दुसरं जरा बरं. तिसऱ्यानंतर कानाशी काहीतरी ऐकू यायला लागलं. एका हाताने माझं जॅकेट धरून आणि दुसरा गळ्याशी नेऊन मामा निवेदन करत होते. वारा अर्धं उडवून नेत होता. जे कानावर आलं ते असं, की क्रांती आतल्या बाजूनं आली हाय, गिअर उतरवला, शाब्बास, आता सोडायची न्हाई. पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं, एक दुधाची गाडी तेवढी होती, तर तिलाही मागे टाकल्याचं जाहीर झालं.

वर पोचल्यावर मी हेल्मेट काढलंच नाही बराच वेळ. काचेच्या आत सगळं ओलं झालं होतं.

मामी, तुम्ही भाकरी पुन्हा तव्यावर टाकलीत त्या दिवशी, त्याबद्दल तुमच्या पाया पडते.

तुमची
क्रांती

•

तासगाव,
३ फेब्रुवारी २०२६

चि. क्रांती,
जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

कँटीनच्या भज्यांचे पैसे मनिऑर्डरनं पाठवतोय, घ्यायचे. एक सिलेंडर निघाला, तरी ती गाडी खोटी न्हाई. मीच घाईनं ठोकून दिलं. पुढच्या गाडीला दोघं मिळून ऐकू.

मामीला हाक मारली. दुकानातनंच ओ आली, स्पेअरचं बिल करत हुती. काय काम हाय म्हणाली. काही न्हाई म्हटलं. पुन्हा बिल करायला लागली, पण तिनं एकाच गिऱ्हाइकाला मोड दोनदा परत दिली.

आभार तू मानलेस, ते मी ठेवून घेतले, कारण घ्यायची माझी ऐपत तूच परत आणलीस. माझे कसे मानावेत ते मला माइकवर सुद्धा जमलं नसतं. बाकीचे तब्येत विचारत हुते, तू टायरची रुंदी मोजून दिलीस.

येतानाची गोष्ट तेवढी लिहायची राहिली. साताऱ्याला येताना मी कंडक्टरला चिठ्ठीवर गावाचं नाव लिहून दाखवलं हुतं. परतीला कराडच्या स्टँडवर गाडी बदलली, गर्दी लय. चिठ्ठी लिहायला खिशात पेन न्हवतं. कंडक्टर समोर येऊन उभा राहिला. बोट दाबलं आणि म्हटलं, तासगाव एक. त्याला कळलं न्हाई. मागं पोतं घेऊन बसलेली बाई माझ्याकडं बघायला लागली. मी पुन्हा म्हटलं, तासगाव, एक. त्यानं मशीनवर बोट मारलं, तिकीट हातात दिलं, सुट्टे द्या म्हणाला, आणि पुढच्या सीटकडं गेला.

लिहीत राहा, चुकलो तर भांडत राहा.

तुझा
प्रशांतमामा