गाणं थांबायचं ती जागा

४ मार्च

आज पुन्हा! सकाळी केस विंचरत होते आणि भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला. तीच चाल, तीच ओळ — आणि ओळ मध्येच तुटलेली. कंगवा हातात तसाच राहिला. मग लक्षात आलं, धाकटा दुकान उघडून गुणगुणतोय. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. भावाचा आवाज हुबेहूब त्यांचा होत चाललाय, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

५ मार्च

धाकटा म्हणतो, "ताई, दुकानात बाबांचा फोटो लावतोय. खाली चार ओळी लिहून दे. तू शिकलेली."

"काय लिहू?"

"लिही की! केस कापायचे, गायचे, आम्हाला वाढवलं. झालं!"

दिवसभर लायब्ररीत मी परक्या लोकांची चरित्रं कपाटात लावत असते. आणि बापाच्या चार ओळी सुचेनात.

७ मार्च

आठवतं तसं लिहून बघते.

घर आणि दुकान यांच्यामध्ये पातळ लाकडी भिंत. अलीकडे आमचा अभ्यास, पलीकडे बाबांची कात्री. ती केसांवर कमी आणि हवेतच जास्त वाजायची — ठेका धरायला! गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, कापताय की वाजवताय?" बाबा म्हणायचे, "डोकं तुमचं, ताल माझा. हलू नका."

आईचा हात मोडला होता तेव्हा रोज तिची वेणी घालून मगच दुकान उघडायचे. वेणी वाकडी यायची. आई तशीच मिरवायची.

गाणं मात्र दरवेळी मध्येच थांबायचं. जरा वेळ काहीच नाही, मग पुढची ओळ. मला ती चाल तशीच पाठ झाली, मधल्या भोकासकट. कॉलेजात मैत्रिणीनं तेच गाणं सलग म्हटलं तर मी तिची चूक काढली!

सगळ्यात लख्ख आठवण माझं लग्न ठरलं त्या दिवसांची. दुकान नुसतं दणाणून सोडलं होतं त्यांनी. गिऱ्हाइकं चिडवायची, "जावई पसंत पडलेला दिसतोय!" मी अलीकडे साड्यांना फॉल लावत बसलेली, मांडीवर बोटांनी ठेका धरून. बाबांना इतक्या आनंदात मी कधी पाहिलं नाही.

हेच लिहावं का फोटोखाली?

८ मार्च

लिहिलं. खोडलं.

पुढचं सांगितलं नाही तर ते खोटंच. ते लग्न मी मोडून आले. दारात उभी होते. बाबांनी हातातली बॅग घेतली, आत नेऊन ठेवली. एक शब्द नाही. आणि त्या दिवसापासून मी त्यांचं गाणं ऐकलं नाही. ते जाईपर्यंत नाही.

"रागावलात का?" — दोन शब्द! ओठांवर यायचे, आणि मी म्हणायचे, "चहा गार होतोय."

१० मार्च

धाकट्याला विचारलं, बाबा शेवटी शेवटी गायचे का रे? तो ब्रश धूत होता.

"गायचे की. तू कामावर गेलीस की लगेच."

बोलून गेला आणि माझ्याकडे बघितलं. मग नळ उगाचच मोठा सोडला.

म्हणजे मी घरात असले की गायचे नाहीत. विचारायचं राहिलं होतं, त्याचं उत्तर मिळालं.

११ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. पुस्तकांवर शिक्के मारताना तीच चाल मनात चालू असते, आणि गाणं तुटायच्या जागी हातही थांबतो.

१४ मार्च

सुट्टी. फोटोची जागा ठरवायला दुकानात गेले. गिऱ्हाईक असताना भिंतीच्या त्या बाजूला मी कधी बसलेच नव्हते. खुर्चीत पोस्टमनकाका — निवृत्त झाले तरी सगळ्यांचे पोस्टमनकाकाच. तोंडभर फेस. धाकट्यानं वस्तरा पट्ट्यावर घासला, गुणगुणायला लागला. एक गाल झाला, दुसरा झाला, गाणं चालूच. मग काकांची हनुवटी वर केली, वस्तरा गळ्याशी नेला — आणि गाणं बंद! तेच भोक, त्याच जागी. वस्तरा पुसला, आणि ओळ पुढे सुरू!

मी बाकावरून उठलेच. "हे मुद्दाम करतोस?"

"काय करतो?" त्याला पत्ताच नव्हता.

फेसातून काका बोलले, "तुमच्या बाबांचंच आहे हे. घासायला लागले की गाणं सुरू, गळ्याशी आले की चिडीचूप. नवीन होतो तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, काय हो, रागावलात की काय? तर म्हणाले, राग आला की मी मोठ्यानं गातो. आत्ता तुमचा गळा माझ्या हातात आहे. बोलू नका!"

"तुम्हीही बोलू नका काका," धाकटा म्हणाला. "कान अजून राहिलेत."

१५ मार्च

म्हणजे तो राग नव्हता. जिथे कापायची भीती, तिथे ते गप्प व्हायचे. मी घरात असले की सारखा वस्तरा हातात असल्यासारखे.

बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की शंका आली. मला हवं तेवढंच मी ऐकतेय का? एका गिऱ्हाइकाच्या जुन्या गमतीवर अख्खा बाप उभा करायचा? आईला विचारायला हवं. तिनं "छे, काहीतरीच" म्हटलं तर तेही ऐकून घ्यायला हवं.

१६ मार्च

आई खिडकीशी बटण शिवत होती. विचारलं, बाबा चिडले की गायचे?

"तर काय! माझ्याशी वाजलं की गाण्यावर गाणं. सगळ्या गल्लीला कळायचं." तिनं दातानं दोरा तोडला. "तुझं लग्न ठरलं तेव्हा तर थांबायचं नावच नाही. मी म्हटलं, अहो, पोरीशी एकदा बोला तरी. तर आणखी मोठ्यानं!"

आणि भिंतीच्या अलीकडे मी ठेका धरत होते.