रेघेपलीकडचा हात

विनिपेग,
८ डिसेंबर २०१६

प्रिय गौरांगी,

हे पत्र फाडू नकोस. आधीची दोन मीच फाडली आहेत, तेवढं फाडणं पुरे. रविवारी तुझा साखरपुडा आहे हे शोभामावशींकडून कळलं. मुलगा ओटावाजवळच्या कनाटाचा, टेलिकॉममधला, हेही कळलं. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. बोललो तर हे तिसरंही फाडावं लागेल. तुमच्या घरची एक वस्तू माझ्याकडे आहे. ती मी कशी अडकवून ठेवली हे सांगितल्याशिवाय परत करवत नाही, म्हणून लिहितोय.

आपला पाच पिनांच्या बोलिंगचा शो आठवतो? शाळेतून आलं की दप्तरं जिन्यावर टाकून तुमच्या बेसमेंटमध्ये. चार वाजता लोकल चॅनेलवर जुने एपिसोड. तो चॉकलेटी पडदा, हलणारा पुठ्ठ्याचा स्कोअरबोर्ड, आणि टायवर पाच पिना छापलेला तो होस्ट, दर वेळी तेच ओरडणारा, "विनिपेग, बूट बांधा!" जिंकणाऱ्याला डीप फ्रीझर, हरणाऱ्याला त्यात ठेवायची टर्की. मी सहा वर्षांचा नागपूरहून आलो तेव्हा माझं अर्धं इंग्लिश त्या शोने शिकवलं. स्ट्राइक, स्पेअर, फाउल. तू शांपूच्या पाच बाटल्या मांडायचीस, मी मोसंबं घरंगळवायचो आणि वरून तुझे बाबा, आम्हा सगळ्या पोरांचे काका, ओरडायचे, "अरे, घर विकत घेतलंय, भाड्याचं नाही!" काका स्वतः एकदा त्या शोमध्ये गेले होते. प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, नऊ पॉइंटनी हरलो. कसे, असं कुणी विचारलं की चहा आणायला उठायचे. तू आईबद्दल विचारलंस की उठायचे, अगदी तसेच. तो एपिसोड मात्र आपल्याला कधीच दिसला नाही.

मग मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि जिथे तो शो शूट व्हायचा त्याच बोलिंग ॲलीत कामाला लागलो. तू भांडली नाहीस. काकांनी मात्र दिवाळीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, सगळ्यांदेखत विचारलं, "काय ऋषी, पिना मोजतोस ना अजून? तेवढं तरी मधेच सोडू नकोस हं." सगळे हसले. त्या हसण्याचं मला काही नाही. तू ताटातल्या श्रीखंडाकडे बघत राहिलीस, ते लागलं. मी भरलं ताट कचऱ्यात टाकलं आणि जॅकेटही न घेता निघालो. त्यानंतर तू फोन केला नाहीस, मीही नाही.

आमची ॲली नवीन वर्षात बंद होतेय. मालक म्हाताऱ्या वॉल्टरने मला मागची खोली रिकामी करायला सांगितली, तिथे शोच्या चाळीसेक टेप निघाल्या. मंगळवारी दुपारी काका आले. बुटांचा बर्फसुद्धा न झटकता थेट काउंटरपाशी. "ऋषी, चौऱ्याण्णवच्या मार्चची टेप असेल का रे? रविवारच्या आत हवी होती." ती माझ्या पाठीमागच्या फळीवरच होती, काकांचं आडनाव लिहिलेली. मला वाटलं, व्याह्यांना स्वतःचा पराक्रम दाखवायचाय. डोकं सणकलं. म्हणालो, "सगळ्या शुक्रवारीच कचऱ्यात गेल्या." काका फक्त "बरं" म्हणाले. जॅकेटची चेन न लावताच बाहेर पडले. नंतर पार्किंगमध्ये वीस मिनिटं गाडी चालू ठेवून बसून होते. मी काचेतून बघत होतो. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

काल सकाळी, ॲली उघडायच्या आधी, मी ती टेप लावली. काकांना हसायला. काका बारीक, डोक्यावर दाट केस, आणि काय खेळत होते गं! शेवटच्या चेंडूला पाचही पिना आडव्या. होस्ट नाचतोय, फ्रीझरवरची रिबन काढायला मुलगी पुढे आली, काका सहा पॉइंटनी जिंकलेत. आणि काका हात वर करून उभे. म्हणतात, चेंडू जात असताना मी वाकून लेनला नमस्कार केला, माझा हात रेघेपलीकडे टेकला, फाउल धरा. पंचाने पाहिलं नव्हतं. कॅमेऱ्यानेही नाही, तो पिनांवर होता. फाउलचे पंधरा पॉइंट वजा होतात, म्हणजे हातातली मॅच गेली. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक बाई उभी राहते. हिरवी शाल, सात महिन्यांचं पोट, तुमच्या हॉलमधल्या फोटोतली. आणि अख्ख्या मॅनिटोबासमोर मराठीत ओरडते, "अहो, गप्प बसा की! कुणी बघितलं नाही! मी बघितलं, मी नाही सांगत!" होस्ट विचारतो, या बाई काय म्हणतायत? काका म्हणतात, ती म्हणतेय मी बरोबर आहे. पद्मजाकाकू एवढ्या हसतात की खुर्चीला धरून खाली बसतात. आवाज थोडा घोगरा आहे, गौरांगी. हसताना तुझ्यासारखाच मधेच अडकतो.

तू एक वर्षाची व्हायच्या आत त्या गेल्या. काका स्वतःला बघायला आले नव्हते. साखरपुड्यात तुला आई ऐकवायला आले होते, आणि मी त्यांना सांगितलं, ती कचऱ्यात गेली. टेप बघितल्यावरही मी दिवसभर ती दिली नाही. तू स्वतः मागायला येशील, मग तुला विचारेन, मग तू रविवार मोडशील, असलं सगळं ठरवत होतो. आधीच्या दोन पत्रांत तेच होतं. उद्या सकाळी दहा वाजता मी तुमच्या दारात येतोय. खोक्यात टेप आहे, ऑफिसातला व्हीसीआर आहे, वायरी आहेत. काकांना तोंडावर सांगणार आहे की मी खोटं बोललो. टेप मागायला आल्याचं त्यांनी तुला सांगितलं नसेल, मला माहीत आहे, म्हणून आज रात्रीच हे पत्र तुमच्या पेटीत टाकून तुला आधी कळवतोय. दार तू उघडू नकोस. त्यांना उघडू दे.

तुझाच, शनिवारपर्यंत तरी,
ऋषी