आईची एकोणीस मिनिटं

११ मे, रविवार

तुला काय जातंय बोलायला! तू तिथं नव्हतीस. वही आहेस, वहीसारखी राहा.

हो, केलं रेकॉर्ड. आईच्या अंगात आलं आणि मी तिला धरायचं सोडून मोबाईल धरला. बस? झालं समाधान?

दुपारी अडीच. बाबा आत झोपलेले. आई लसूण सोलत बसली होती आणि एकदम डोकं गोल गोल फिरायला लागलं. अंबाडा सुटला. आवाज तिचा नाही – जाडा, कुठून तरी खालून आलेला. एकोणीस मिनिटं. मग पाणी मागितलं. म्हणाली, बाबांना सांगू नको.

ही दुसरी वेळ. पहिली तीस एप्रिलला, शाळेत. बावीस वर्षं तिथं सेविका होती, त्या दिवशी निरोप समारंभ होता तिचा. शाल, श्रीफळ, भाषणं. नाव पुकारलं, स्टेजवर चढली आणि झुलायलाच लागली. अख्ख्या शाळेसमोर! बाबांनी 'ऊन लागलं, ऊन लागलं' म्हणत तिला रिक्षात घातलं.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. आई विहारात आली नाही. पांढरी साडी इस्त्री करून ठेवलेली, तशीच राहिली. बाबा कमिटीत आहेत, सगळे त्यांना विचारत होते, गयाबाई कुठंय? बाबांचं एकच – बीपी.

परत आलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेवली नव्हती. मी शेजारी बसले तर हळूच म्हणाली, "सपना, माझ्यात ती देवी आली म्हंजे मी परत बाटले का गं?"

मी एम.ए. आहे. उठून तिचं ताट वाढून आणलं.

१६ मे

ईसीजी नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. डॉक्टरनी चिठ्ठी दिली, बदलापूरला एक समुपदेशक आहेत त्यांना दाखवा म्हणाले. बाबा आधी जिना उतरले. मग म्हणाले, म्हणजे वेडाची डॉक्टर ना? मी म्हटलं, नाही, बोलायची डॉक्टर. तर म्हणे, बोलायला पैसे देऊन कशाला जायचं, घरात तू आहेस की चोवीस तास.

२० मे

बदलापूर. शेअर रिक्षाने गेलो, आई मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना – जसं काही ती पडेल.

वैदेही मॅडम. चांगल्या आहेत. खरंच चांगल्या आहेत, म्हणून तर जास्त राग येतोय. दार उघडताच 'जय भीम' म्हणाल्या. बाबा केवढे खूश! म्हणाल्या, मी माणसाची संस्कृती मानून काम करते, गोळ्या देऊन गप्प करत नाही. सगळं ऐकून घेतलं. मग छान हसल्या आणि आईचा हात धरून म्हणाल्या, तुमच्या समाजात देवीची परंपरा किती समृद्ध आहे. तिला दाबू नका. एकदा जाऊन ओटी भरा, तिचा मान तिला द्या, मन हलकं होईल.

आईनं पदर तोंडावर ओढला.

बाबा उठले. आवाज अजिबात चढला नाही. "मॅडम, माझ्या आजीनं सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले. गावानं वाळीत टाकलं तरी सोडले. तुम्ही आज परत आमच्या ओटीत घालताय."

येताना रिक्षात आई परत मध्ये. जाताना होती त्याच्या निम्मी दिसत होती.

२१ मे

मॅडमचा फोन आला. मला वाटलं सारवासारव करतील. नाही केली. म्हणाल्या, मी विचारायला हवं होतं. पुस्तकात वाचलेलं तुमच्या आईला चिकटवलं. मग एक नंबर दिला, जिज्ञासा म्हणून आहे, उल्हासनगरला बसते, माझ्याच बॅचची. म्हणाल्या, मला जे वाचून कळतं ते तिनं घरात बघितलंय.

बाबा – "आता डोकं बघायला पण आपलंच माणूस पाहिजे का? मग उद्या दात काढायला पण आपलाच शोधा." पण नंबर लिहून घेतला. खिशातल्या डायरीत, लाईट बिलाच्या खाली.

२५ मे

लिहू का नको?

स्टेशनजवळच्या कॅफेत कवितांचं ओपन माईक होतं. मी ते वाचलं. आईचं. रेकॉर्डिंगवरून उतरवून काढलेलं. एकोणीस मिनिटांची चार मिनिटं केली. अर्धवट शब्द ठेवले, हुंकार ठेवले, श्वास ठेवले. एक ओळ सारखी सारखी येत होती, साधीच, घरगुती, तिच्यामुळे लय तुटत होती. ती काढून टाकली. मग काय धावलं ते! नाव दिलं – 'देवी, दुपारी अडीच'.

टाळ्या थांबेनात. प्रज्वल, जो हे सगळं भरवतो, म्हणाला, भाई, क्या लिखती है तू! अंक काढतोय, पहिल्या पानावर घेतो. कोणी विचारलं नाही की हे कोण बोललं. मीही सांगितलं नाही.

घरी आले. आईनं माझी भाकरी झाकून ठेवलेली. कसं झालं तुझं, म्हणाली. मस्त, म्हटलं.

१ जून, रविवार

उल्हासनगर, कॅम्प चार. खाली एका सिंधी काकांचा जीन्स शिवायचा कारखाना, वर जिज्ञासाताईंची खोली. खालच्या मशिनी चालल्या की फरशी गुणगुणते. बाबा वर आलेच नाहीत. काकांनी 'वडी साईं, बैठो ना' म्हणत त्यांना चहा पाजला.

ताई पस्तिशीच्या असतील. आईला म्हणाल्या, बसा ना मावशी. आई म्हणाली, नको, बरीये उभी.

मग ताई पण उठल्या. आणि उभ्याच राहिल्या! पाऊण तास दोघी खिडकीपाशी उभ्या. मी एकटीच खुर्चीत, मूर्खासारखी. देवीचं नावच नाही. कुठलं गाव, शाळेत किती वाजता जायच्या, डबा कुठं खायच्या. आई म्हणाली, जिन्याखाली. उभ्यानं? उभ्यानं. का? तर, सवय.

निघताना ताईंनी विचारलं, अंगात येतं तेव्हा तुम्ही काय बोलता? आई म्हणाली, मला नाय आठवत. ताईंनी माझ्याकडे बघितलं. घरात कोणी ऐकलंय?

मी म्हटलं, नाही.

२ जून

नाही!!

४ जून

पूर्ण ऐकलं. कानात हेडफोन, एकोणीसच्या एकोणीस मिनिटं. आधी मी ऐकलंच नव्हतं. मी माल शोधत होते.

मी काढून टाकलेली ओळ – "बसू द्या मला."

"बसू द्या मला. बसू द्या. बसू द्या की."

हेच. पहिल्यापासून शेवटपर्यंत हेच. बाकीचा सगळा धूर.

५ जून

जिज्ञासाताईंना फोन केला. खोटं बोलले म्हटलं, रेकॉर्डिंग आहे, पाठवते. ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, पाठवू नको, मी ऐकणार नाही. आधी ज्यांचं आहे त्यांना विचार. मी म्हटलं, आईला? मग कोणाला, म्हणाल्या.

कॅफेचं नाही सांगितलं.

८ जून, रविवार

हात दुखतोय, पण आजच लिहायला पाहिजे.

आईला सकाळी सांगितलं. चिडली नाही. म्हणाली, त्या पोरीसमोर लाव, घरात नको. बाबाही वर आले आज, दाराशी उभे राहिले, चपला काढून हातात घेतलेल्या.

लावलं. खालच्या मशिनी चालूच होत्या. आईनं मान खाली घालून ऐकलं. पाचेक मिनिटांनी म्हणाली, बंद कर.

मग बोलायला लागली. शाळेत लागली त्या पहिल्याच आठवड्यात ताप होता. स्टाफरूम रिकामी होती, पंख्याखालच्या खुर्चीत दोन मिनिटं टेकली. एक बाई आल्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ती खुर्ची फिनाईलनं धुवायची.

ताईंनी विचारलं, कोणी धुतली?

"मीच की. दुसरं कोण धुणार? कामच माझं होतं ते."

बावीस वर्षं त्या शाळेत ती बसली नाही. कोणी मनाई केली नव्हती, हे तिनं दोनदा सांगितलं. कोणी मनाई केली नव्हती, मीच नाय बसले. आणि मग निरोपाला स्टेजवर मधोमध खुर्ची, हार घातलेली. बसा गयाबाई, बसा ना, सगळे म्हणायला लागले. म्हणाली, पायच वाकेनात गं. मंग काय झालं मला नाय ठाऊक.

बाबा दारातून आत आले. एवढंच विचारलं, "कोणती बाई?"

"ती गेली कवाच रिटायर होऊन. तिच्या निरोपाला खुर्ची मीच लावली."

बाबांनी चपला खाली ठेवल्या. बत्तीस वर्षांचा संसार, माणसाला माहीत नाही बायको डबा उभ्यानं खाते!

आणि आई मोबाईलकडे बोट दाखवून, अगदी सावकाश, हिशोब लागल्यासारखी म्हणाली, "म्हंजे ही ती नाय. ही मीच हाय."

ताईंनी मोबाईल उलटा करून ठेवला. ते बरं केलं.

१५ जून

आज परत आलं. विहारात जायला निघालेली, दारातच. मी मोबाईल आत ठेवून आले. बाबांनी दार बंद केलं नाही, शेजारचे बघत होते तरी. तिला दोन्ही खांद्यांना धरलं आणि म्हणाले, बोल गया, मी ऐकतोय. चारेक मिनिटं. मग रडली. मग साडीच्या निऱ्या परत नीट केल्या आणि गेली विहारात. सगळ्यात मागं, दाराजवळ. पण गेली.

ताई म्हणाल्या होत्याच, हे जादूसारखं जाणार नाही. बावीस वर्षांचं आहे, त्याला वेळ लागेल.

२२ जून

प्रज्वलचा मेसेज. अंक छापायला चाललाय, 'देवी, दुपारी अडीच' पहिल्या पानावर. मी फोन करून थांब म्हटलं. का? आईचं आहे ते. तर म्हणे, अरे मग तर अजून पॉवरफुल. आपल्या लोकांचं दुःख बाहेर आलं पाहिजे यार, किती दिवस घरात कोंडणार. आणि कविता तर तुझी आहे ना?

बोलतो ते चूक नाही. तेच जास्त खुपतं. वैदेही मॅडमनं आईला बघितलं आणि देवी दिसली. मला काय दिसलं? मला पण देवीच! फक्त माझी जरा मॉडर्न होती.

२६ जून

आईनं भाजी निवडता निवडता विचारलं, ते मोबाईलातलं आपल्या चौघांशिवाय कोणी ऐकलं नाय ना?

कॅफेतली सगळी तोंडं डोळ्यांसमोर आली.

नाही, म्हटलं.

२९ जून, रविवार

आई,

ही वही तुझ्या उशाशी ठेवतेय. पंचवीस मेपासून वाच, आधीचं नंतर. अक्षर घाणेरडं आहे, बोट ठेवून वाचशील. तू ताईंना विश्वासानं सांगितलंस, मी तुझा आवाज न विचारता बाहेर वाचला. त्यातली तुझी ओळ काढून वाचला. आणि गुरुवारी तुझ्या तोंडावर खोटं बोलले.

प्रज्वलला सांगितलंय, तू हो म्हणेपर्यंत काही छापायचं नाही. छापायचं, जाळायचं, की स्वतः त्या शाळेत जाऊन बोलायचं, ते तू ठरव. तुझ्या नावानं, किंवा कुणाच्याच नाही. मोबाईलही इथंच ठेवलाय. त्यातलं ते पुसायचं असेल तर बाबांना येतं.

तू मोरीत आहेस, पाण्याचा आवाज येतोय. तू बाहेर आलीस तर मला तोंडावर हे सांगता येणार नाही, म्हणून आत्ताच.

येते.