साच्यावरचं गाव

पपा, काल संध्याकाळी मी तुमच्या टीमसाठी भांडले. इथे सिडनीत, गिरावीनला, लेकीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, इंग्लंडमधल्या पडदाभर अनोळखी माणसांशी. तिकडे शनिवारची सकाळ होती आणि त्यांची सभा होती. तुमची ती फुटबॉलची टीम शेजारच्या गावच्या टीममध्ये मिसळून टाकायची, दोघांचं मिळून एक गुळगुळीत नवं नाव ठेवायचं, असा ठराव होता. तो क्लब आता कुणा शेठजीचा राहिलेला नाही, गावकऱ्यांच्या सोसायटीचा आहे आणि जगात कुठेही बसून सभासद होता येतं. मी झाले आहे. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण काल कळलंच. नात फ्रिजमधून दही काढता काढता म्हणाली, "इट्स जस्ट अ मर्जर, ग्रॅनी." या पोरांचा तो 'जस्ट' एकदा हातात सापडला तर मी त्याची मान मुरगाळीन. ज्यांचं काही जात नाही त्यांनाच तो शब्द सुचतो.

मला मात्र आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. सोमवारची सकाळ. मम्मी तव्यावर बोंबील परतते आहे, मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये पाटावर बसले आहे आणि तुम्ही रातपाळीवरून येता. कानांवरच्या केसांत कापसाची तूस, काखेत वीव्हिंग मास्तरने वाचून टाकलेला इंग्रजी पेपर. तो माझ्या मांडीवर टाकून म्हणता, "बघ गं, आपल्या साचेवाल्यांचं काय झालं." शेवटून दुसरं पान, सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्लंडच्या फुटबॉलचे निकाल, आणि त्यातही तळाच्या डिव्हिजनमध्ये तुमचं गाव. गिरणीत मागाला साचा म्हणायचे, आणि तुमच्या प्रत्येक साच्याच्या लोखंडी अंगावर, जिथे तो ओतला गेला त्या गावाचं नाव उठावाच्या अक्षरांत होतं. इंग्रजीतली तेवढीच अक्षरं तुम्हाला न अडखळता वाचता यायची. रोज तेलाच्या फडक्याने पुसलेली ना ती. खंडेनवमीला सगळे कामगार आपापल्या साच्याला झेंडूची माळ घालत, तशी तुम्हीही घालायचात. नंतर फादरनी विचारलं तर काय सांगायचं, हे आधीच ठरवून ठेवलेलं असायचं: "फादर, मी साच्याला नाही घातली, त्या गावाला घातली." मग एके दिवशी पेपरात त्याच नावाची टीम दिसली. संपला विषय. आख्खी चाळ मोठमोठ्या क्लबांची नावं घ्यायची, आणि माझा बाप दर सोमवारी हरणाऱ्या एका टीमचा.

आणि तुमचं ते ठाम मत! तुम्ही स्वतः गिरणीच्या टीमकडून अनवाणी खेळलेले. पाळी संपवायची, चहा ढोसायचा आणि मैदानात उतरायचं. त्यामुळे तेही तसेच, असं तुम्ही धरून चालला होतात. साचे बनवणारे कामगार, काम आटोपून खेळायला येतात. तीन-शून्य हरले की पेपराकडे बघत मान हलवायचात, "रातपाळी करून आलेत बिचारे." मी आठवीत असताना कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत एका जाड पुस्तकात सगळं वाचलं आणि तुम्हाला सांगितलं, "पपा, त्यांना खेळायचाच पगार मिळतो. ते साचेबिचे काही बनवत नाहीत." सांगताना हसले. तुम्ही पाव चहात बुडवायचे थांबलात. "तुला वाचायला घातलंय त्या सिस्टरांकडे, हसायला नाही," म्हणालात. "स्कोअर सांग." मी खरं तेच बोलले होते आणि आजही माझं तेच म्हणणं आहे. पण त्यानंतर स्कोअर वाचताना मी कधी हसले नाही. उलट सिस्टरने एलोक्यूशनच्या स्पर्धेसाठी शिकवलेल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून वाचू लागले. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. शब्द किती समजत होते देव जाणे. मम्मी म्हणायची, "चर्चमध्ये मिस्साला एवढे डोळे मिटत नाहीत याचे."

संप आला, लांबला, आणि गिरणी पुन्हा कधी नीट सुरू झालीच नाही. मास्तरचा पेपर बंद झाला तरी तुम्ही सोमवारी सकाळी दाढी करून वाचनालयात जायचात आणि तिथल्या पोरांना निकाल विचारायचात. ती पोरं तुमची चेष्टा करत, हे मला ठाऊक होतं. शेवटी साचे भंगारवाल्याकडे गेले तेव्हा तुम्ही त्यातून काय वाचवलंत, तर एक धोटा. इकडून तिकडे सूत घेऊन पळणारा, दोन्ही टोकांना पितळी चोच असलेला लाकडाचा तुकडा. मी नर्सिंग शिकायला निघाले तेव्हा मला तोच दिलात. दुसऱ्यांचे बाप पेन देतात. पुढे काही वर्षांनी सिडनीच्या विमानतळावर मी इमानाने फॉर्मवर लाकूड लिहिलं, तर तो क्वारंटीनवाला धोटा उलटासुलटा करून विचारतो, "व्हॉट्स धिस, डार्ल? टॉय बोट?" मी म्हटलं, "हे तुमच्याच राणीच्या देशातलं आहे. किडे असलेच तर तेही इंग्लिश असतील." त्याने हसून सोडलं. तुम्ही तेव्हा हयात नव्हता. असतात तर हा किस्सा चाळभर करून सांगितला असतात.

इथे हॉस्पिटलात रातपाळ्या करून सकाळी घरी यायचे, झोप लागायची नाही, तेव्हा मी तुमच्या टीमची माहिती शोधू लागले. आधी पब्लिक लायब्ररीत, पुढे कॉम्प्युटरवर. पपा, ती टीम काढली कुणी, तर लोखंड ओतणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी. शनिवारी दुपारचा भोंगा झाला की अंगावरच्या काजळीसकट मैदानात. शर्टाचा रंग गडद हिरवा, कारण तयार साचे रंगवायला कारखान्यात तोच रंग असायचा. म्हणजे तुम्ही चुकला नव्हता, फक्त शंभरएक वर्षं उशिरा बोलत होता. मग पगारी खेळाडू आले, टीम अगदी वरच्या डिव्हिजनला जाऊन आली. तिथे तिचं काही फार दिवस जमलं नाही. मग एकेक पायरी खाली. कारखाना बंद पडला. एका मालकाने मैदान विकलं, तिथे आता सुपरमार्केट आहे. आपल्या गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आहे, तसंच. जमिनी विकणाऱ्या माणसांना जगभर एकाच साच्यातून काढतात बहुतेक.

तर काल सभेत माझी बोलायची पाळी आली. चेअरमन गोड बोलणारा, 'फ्रेश स्टार्ट' हे शब्द जिभेला चिकटलेले. म्हणाला, "सॉरी, लव्ह, तुमचा आमच्या गावाशी संबंध काय?" मी म्हटलं, "माझे वडील तुमच्या साच्यांवर काम करायचे." पडद्याच्या कोपऱ्यात एक म्हातारा, टोपी घातलेला, कानाशी हात नेऊन म्हणाला, "कुठल्या शेडमध्ये?" मी म्हटलं, "मुंबईत." कुणीतरी हसलं. म्हातारा हसला नाही. त्याने विचारलं, "हिरवे होते का ते?" "हिरवे," मी म्हटलं, "तुमच्या शर्टासारखे." मग मी थांबलेच नाही. म्हटलं, बदलायचं होतं तर ते नाव लोखंडात ओतून अर्ध्या जगाला विकायचं नव्हतं. माझ्या बापाने ते रोज पुसलंय. साचे गेले, गिरणी गेली, बाप गेला. आता ते नाव फक्त तुमच्या अकरा पोरांच्या अंगावर उरलंय आणि ते तुमच्या एकट्यांचं नाही. आवाज सिस्टरने शिकवलेलाच, पण शेवटी फाटला. नात दह्याचा चमचा तोंडात तसाच धरून उभी होती.

ठराव पडला, पपा. थोडक्यात पडला आणि माझ्यामुळे पडला असं मी मुळीच म्हणत नाही. त्या टोपीवाल्याने आधी घरोघर फिरून मतं जमवली होती. नाव राहिलं. मात्र आता पगारी खेळाडू परवडत नाहीत. खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळतात. गोलकीपर त्या सुपरमार्केटच्या गोदामात रात्रभर खोकी उचलतो, कुठलं सुपरमार्केट ते तुम्ही ओळखलंच असेल. कालच दुपारी त्यांची मॅच होती. आज सकाळी चर्चला निघण्याआधी मी निकाल पाहिला. चार-शून्य. हरले.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि असती तरी टाकलं नसतं. इंग्रजी निकाल मराठी पत्रातून वाचायचं तुम्हाला काय अडलंय? पण एक सांगून टाकते. सकाळी लेक गाडी बाहेर काढत होती, नात अजून अंथरुणात, किचनमध्ये मी एकटीच. मी फोन हातात धरून उभी राहिले आणि स्कोअर मोठ्याने वाचला, शब्द सुटे सुटे करून, जसा तुम्हाला वाचून दाखवायचे तसा. दर रविवारी वाचते. वाचून झालं की थोडं थांबते. आजपर्यंत पुढचं, हरल्यावर मान हलवत म्हणायचं ते वाक्य तुमच्यासाठी सोडून देत होते. आज ते मीच म्हणून टाकलं.