भिंगावरचा दुसरा ठिपका

२ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचे! मी, आई, माझी हत्यारांची पेटी आणि आईचं शिवणाचं गाठोडं. डोळ्यांच्या या जुन्या इस्पितळाने मागच्या बाजूच्या दोन खोल्या राहायला दिल्या आहेत. आईने आल्या आल्या खिडकीजवळची खुर्ची पटकावली आणि जाहीर केलं, की उजेड फर्स्टक्लास आहे, आता मी इथून हलायची नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती एका झटक्यात सुई ओवते आणि येताजाता मला ते करून दाखवते. त्याआधी किती दिवस भिंती चाचपडत वावरली बिचारी. दाखवू दे.

कॅमेरा पाहिला आणि मी चक्क शिट्टी वाजवली. मोठे डॉक्टर दचकले. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारं, लोखंडी टेबलावर बसवलेलं धूड आहे ते. पेशंटने एका बाजूला हनुवटी टेकवायची, आपण दुसऱ्या बाजूने त्याच्या डोळ्यात बघायचं, चित्र स्पष्ट करायचं आणि खटका दाबायचा. असे कॅमेरे आता कुठे बघायलाही मिळत नाहीत. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला याच्यावर पाहुण्यांच्या डोळ्यांचे फोटो काढायचे आहेत म्हणे. काढू की!

५ तारीख, गुरुवार

सगळं खोललं. वंगण वाळून गोंद झालंय, भिंगांवर बुरशी. एक गंमत सापडली. कॅमेरा ज्या पट्टीवर मागेपुढे सरकतो, तिच्यावर कुणीतरी कानशीने खाच पाडली आहे. म्हणजे खाचेपर्यंत कॅमेरा आणायचा आणि डोळा न लावताच खटका दाबायचा. केवढा हा आळस! बाबांनी असल्या कारागिराला दुकानातून हाकललं असतं. हे काम मी त्यांच्याकडेच शिकले. त्यांचा नियम एकच होता, दुसऱ्याच्या डोळ्यावर यंत्र लावायच्या आधी आपला डोळा लावायचा.

९ तारीख, सोमवार

भिंगांवर दोन काळे ठिपके निघाले. पहिला कारखान्यातला. दिव्याची चमक उलटी फिरून फोटोवर येऊ नये म्हणून अशा कॅमेऱ्यात तो लागतोच. दुसरा मात्र पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला, ब्रशने थापलेला जाड रंग. मूळ आराखड्यात त्याचा पत्ताच नाही. कुणीतरी उंटावरून शेळ्या हाकल्या असणार! स्पिरिट लावून, लाकडी काडीने हलक्या हाताने खरवडून काढला. भिंगांमधली अंतरंही कुणीतरी बदलली होती, ती आराखड्याप्रमाणे केली. आता ती खाच निरुपयोगी झाली. बरं झालं.

१२ तारीख, गुरुवार

चालला! पहिला फोटो माझ्या डोळ्याचा काढायचा, पण चित्र स्पष्ट करून खटका दाबेल असं कोणी नव्हतं. नर्सबाई वॉर्डात अडकलेल्या. मला कुठला धीर? आईच म्हणाली, बसते मी, त्यात काय. मी बोटाने तिची हनुवटी उचलून टेकूवर ठेवली, तर विचारते, केस विंचरून येऊ का? आम्ही दोघी खूप हसलो.

फिल्म धुतली. सुंदर फोटो! लालसर पडदा, रक्तवाहिन्यांची नक्षी. मधोमध मात्र तिळाएवढा काळा डाग आहे. धूळ असेल.

१३ तारीख, शुक्रवार

डाग मोठा करून पाहिला. माणूस आहे. पाठमोरा, हनुवटी टेकवून बसलेला. मग स्वतःची समजूत घातली, की जुन्या यंत्रात एकावर एक चित्र उमटतं कधी कधी. नर्सबाईंकडून माझ्या डोळ्याचा फोटो काढून घेतला. स्वच्छ. आईला पुन्हा बसवलं. ऐनवेळी ती हलली, फोटो धूसर आला, तरी तिच्या डोळ्यात तो आहे, आणि त्याने मान थोडी वळवली आहे.

१६ तारीख, सोमवार

आईने मला हळूच विचारलं, की कोपऱ्यात बसलेत त्यांना चहा विचारलास का? कोपरा रिकामा होता. ती म्हणते, सरळ बघितलं की दिसतात. कुठेही बघितलं तरी तिथेच बसलेले असतात. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, डोळा ठणठणीत आहे, या वयात होतात असे भास.

तो फोटो मी खिशातून काढलाच नाही.

१८ तारीख, बुधवार

इथले निवृत्त फोटोग्राफर, सगळे त्यांना काका म्हणतात, कॅमेरा सुरू झाल्याचं ऐकून आले. भिंगात वाकून बघितलं आणि विचारलं, दुसरा ठिपका कुठे गेला? तो दुसरा ठिपका त्यांनीच लावला होता. म्हणाले, तो पाठमोरा माणूस कॅमेऱ्याच्या आत बसलेला असतो, ठिपका समोर असला की त्याला बाहेरचं दिसत नाही. दिसलं की समोरच्या डोळ्यात उतरतो. तिथून हलवायचा तर पेशंटला पुन्हा बसवून, चित्र अगदी स्पष्ट येईल अशा अंतरावरून खटका दाबायचा, पण कॅमेऱ्यातून कोणीही बघता कामा नये. बघितलं, की कॅमेऱ्यात न थांबता तो थेट बघणाऱ्याकडे जातो. ती खाच त्यासाठीच होती.

काकांच्या आधीचे फोटोग्राफर डोळा लावून बघायचे. काकांनी त्यांना घरी पोचवलं, तेव्हा ते सगळा रस्ता डोळे घट्ट मिटून बसले होते. आपल्या लेकरांकडेसुद्धा बघितलं नाही म्हणे त्यांनी. शेवटी त्यांनीच काकांकडून भिंगं हलवून ती खाच पाडून घेतली, स्वतः हनुवटी टेकवली, तेव्हा सुटले.

आणि ती खाच मी निकामी केली. जुनी अंतरं मोजूनसुद्धा ठेवली नाहीत. अति शहाणी!

१९ तारीख, गुरुवार

अंदाजाने खटके दाबले. पुन्हा पुन्हा. सगळे फोटो धूसर. तो तिथेच आहे, आता अर्धा वळलाय. काकांनाही जुनं अंतर आठवत नाही. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यावर जुळवून खाच पाडावी, तर काकांचं ऐकून कोणी कॅमेऱ्याजवळ यायला तयार नाही.

आईला सुई ओवता येत नाही. बोटाला टोचून घेतलं, तरी हसून म्हणाली, होईल गं बरं.

२१ तारीख, शनिवार

सकाळी आई रडली. म्हणाली, तू जवळ येतेस तेव्हा तुझं तोंड दिसत नाही, त्याचंच दिसतं. आणि आता तो माझ्याकडे बघतोय.

बस झालं. मी डोळा लावणार. बघून चित्र स्पष्ट करीन, खटका दाबीन, आणि त्याच क्षणी पट्टीवर नवी खाच पाडीन. मग मी हनुवटी टेकवीन आणि आई न बघता खटका दाबेल. तो कॅमेऱ्यात जाईल. मग पुन्हा ठिपका. कानस हाताशी ठेवली आहे. आपला डोळा आधी. बाबा, तुमचा नियम उशिरा पाळतेय.

भीती वाटते. फार भीती वाटते.

शनिवार, दुपार

गेला. आईच्या डोळ्यातून गेला. तिने एका झटक्यात सुई ओवली, ओरडून सांगितलं मला —

खाच पाडता आली नाही. खटका दाबला आणि पट्टीच दिसेना. कानस कुठे पडली कोण जाणे. कागदही दिसत नाही, सवयीने लिहितेय. फक्त तोच दिसतो. पाठमोरा नाही. वळलेला आहे —

उठला. येतोय —

जवळ आलाय. त्याने डोळा लावलाय. मी भिंगाला लावते तसाच, आतून, माझ्या डोळ्याला. त्याला माझ्याकडे बघायचंच नाही. तो बाहेर बघतोय —

म्हणून ते आधीचे फोटोग्राफर डोळे मिटून बसले होते. आता कळलं. मिटलेत मी. घट्ट. उघडायचे नाहीत. आई खोलीत आहे, ती त्याला दिसता कामा नये —

आईला सांगितलं, जवळ येऊ नकोस. ऐकत नाही. विचारते, रडतेस का. खुर्ची सरकवली तिने. तिचं बोट माझ्या हनुवटीखाली — म्हणतेय, वर कर बघू मान, उघड डोळे, बघू तरी दे काय झालंय माझ्या बाळा —