उघडलेल्या छत्र्या

बुधवार, दि. १२

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीक असेल असं धरून चालते, कारण चार वर्षांत तू काही कळवलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. हट्टीपणात आपण दोघंही आईवर गेलोय.

अळिंबीच्या शेडला सध्या बहर आहे. भुशाच्या पिशव्यांना रांगेने घोस लटकलेत. दुपारी दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते आणि पूर्ण उघडलेल्या छत्र्यांखालून ती पांढरी भुकटी निघताना दिसते. धूर म्हणावा तर वास नाही, धुकं म्हणावं तर ओल नाही. वारा नसतानाही आपली आपण तरंगत वर जाते. मी काम टाकून बघत बसते. मग वाटतं, पलीकडच्या रांगेत तू पाटी घेऊन उभा आहेस, आणि तुझे केस पांढरे झालेत.

तू म्हणायचास, छत्रीच्या कडा आत वळलेल्या असतानाच ती काढावी, उघडू देऊ नये. मी म्हणायचे, राहू दे अजून एक दिवस, मोठी होईल. चालायचं अर्थात माझंच.

गेल्या महिन्यात मावशीकडे चार दिवस राहून आले. सांगायचं राहिलं, मला वर्षभर खोकला आहे. संध्याकाळी अंग मोडून येतं, कणकण वाटते. मावशीकडे तो दुसऱ्याच दिवशी थांबला. परत आले, सकाळी शेडमध्ये गेले आणि संध्याकाळी पुन्हा सुरू.

तुझंही अगदी असंच असायचं ना रे? सुट्टीला बरा, कामावर आलास की खोकला. तोडणीच्या बायकांसमोर मी म्हटलं होतं, "कामाच्याच दिवशी बरा येतो रे तुला खोकला." बायका हसल्या. तू पाटी खाली ठेवलीस आणि निघून गेलास. मला वाटलं, येईल चार दिवसांत नाक घासत.

डॉक्टर म्हणाले, ती भुकटी म्हणजे अळिंबीचे बीजाणू, वर्षानुवर्षं छातीत गेले की असं होतं. माझ्या फुप्फुसांवरचे काही डाग आता जाणार नाहीत. बायकांना तपासून आणलं, त्या ठीक आहेत. त्या तासाभरात तोडून बाहेर पडायच्या, दिवसभर आत आपण दोघंच असायचो. डॉक्टरांनी विचारलं, "आत आणखी कोण असायचं?" मी म्हटलं, भाऊ. याला तीन आठवडे झाले. रोज कागद घेते आणि ठेवून देते.

तू खोटं बोलत नव्हतास, धाकट्या.

माफ कर असं लिहायचा धीर होत नाही. छातीचा फोटो मात्र आधी काढून घे. हे पत्र तिथल्या डॉक्टरांना दाखव, किती वर्षं आत होतास तेही सांग. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही. फोटोत काही नाही, एवढं तरी कळव.

तुझ्या खोकल्याला हसलेली,
तुझी ताई